राजवीरला वाचून दाखवणे

धार, ८ जुलै २०२४

प्रिय भवानी,
अनेक आशीर्वाद.

राजवीरने पाठवलेला मोबाइल मिळाला. चार्जिंगला लावताना फुटतो असं पेपरात येतं, म्हणून पितळेच्या परातीत ठेवून लावला. फुटला नाही. तरी घरात कुठेतरी काही जळतंय असं मला दिवसभर वाटत होतं. दोनदा सिलिंडर बंद करून आलो.

तुला या खेळाचं काही माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. राजवीर कॉलेजसाठी तीन वर्षं माझ्याकडे धारला होता, तेव्हा त्याने हा माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर घातला. इंग्रजी नाव मला वाचता येत नाही, आम्ही त्याला काळा घाट म्हणायचो. चार शिपाई घ्यायचे, त्यांना आपण नावं द्यायची, हत्यारं द्यायची आणि दऱ्याखोऱ्यांतून त्यांना पुढे न्यायचं. ते शिकतात, थकतात, म्हातारे होतात. एखादा मेला की मेला, परत येत नाही. मी सहावी पास माणूस, पण त्यातला प्रत्येक रस्ता मला पाठ आहे. मोहनखेड्याच्या धर्मशाळेतली चौकीदारी सुटली आणि कानही गेले, तेव्हापासून हाच माझा शेजार. फोनवर मला कुणाचं बोलणं कळत नाही, हे तू जाणतेसच.

त्याच खेळाला नवं रूप देऊन मोबाइलवर आणायचं काम राजवीरच्या इंदूरच्या कंपनीकडे यावं आणि त्याच्याच हाती पडावं, याचा मला किती अभिमान वाटला होता ते तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय. खेळ वाईट झालाय.

पुलावर लोखंडी टोपवाला राक्षस उभा असतो. जुन्या खेळात आधी त्याच्या मनगटावर घाव घालायचा, की गदा गळून पडते. मग मांडी फोडायची. तो वाकला की मान. रक्त दगडांच्या फटींतून खाली ओढ्यात जायचं आणि पुढे कितीही वेळा त्या पुलावरून गेलं तरी डाग तिथेच असायचा. आपण काय केलं ते पूल विसरत नसे. नव्यात बोटाने टिचकी मारली की राक्षसाचा धूर होतो. रक्त नाही, प्रेत नाही, काही नाही. अक्षरं मुंगीएवढी. आणि पुलावर पोचलं की अर्ध्या वेळा सगळा खेळच बंद पडतो.

हे पत्र राजवीरला वाचून दाखव. हिंदी शाळेत शिकलेला, त्याला आपलं मराठी आणि माझं अक्षर दोन्ही लागत नाही. तू नीट वाच, काही गाळू नकोस. कारागिराला चूक कळली पाहिजे.

तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?

तुझा,
रघुजीदादा


देवास, १९ जुलै २०२४

ती. दादासाहेबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. राजवीर जेवायला बसला होता तेव्हा वाचून दाखवलं. जेवताना वाचायला नको होतं, माझीच चूक. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग उठला. डाळीचं पातेलं कलंडलं आणि माझ्या पायावर सांडलं. फोड आलेत, पण कोरफड लावते आहे. काळजी करू नका.

त्याला सध्या चहूकडून त्रास आहे. तो खेळ विकत घेतलेले लोक मोबाइलवर काय काय लिहितात. मला त्याने एकदा दाखवलं. आईबहिणीवरून शिव्या, हात तोडू, जाळून टाकू. कंपनीतले मोठे लोक म्हणतात, काम राजवीरचं होतं. इंदूरहून येतो तो कुणाशी बोलत नाही. चपला सुद्धा भिंतीवर मारून काढतो.

तुम्ही त्याचे लाडके मामा. पुढच्या पत्रात दोन शब्द बरे लिहिलेत तर फार बरं होईल. इतकंच मागणं आहे.

आपली,
भवानी


धार, २ ऑगस्ट २०२४

प्रिय भवानी,
अनेक आशीर्वाद.

पायाला कोरफड लावतेस ते ठीक, पण फोड फोडू नकोस. साखर तपासून घे. भाजलेलं चिघळतं. आपल्या मालनआत्याचा पाय तसाच गेला होता, ते आठवून मला जेवण गेलं नाही.

राजवीरने पूर्ण ऐकून घेतलं हे वाचून मला समाधान वाटलं. उलटून बोलला नाही, म्हणजे त्याला पटलंय. बरे शब्द लिही म्हणतेस, पण खोटे बरे शब्द घेऊन तो काय करेल? मी त्याचा मामा आहे, गिऱ्हाईक नाही.

आता पुढचं सांगतो, हेही वाचून दाखव. नव्या खेळात मेलेला शिपाई उठतो. कसा? साबणाची जाहिरात पाहिली की उठतो. मी प्रथम समजलो की माझं काही चुकलं. माझा धनुर्धारी दरीत पडला, छातीत भाला घुसलेला, आणि खाली बटण आलं. दाबलं तर एक बाई भांडी घासू लागली आणि तिचं घासून झाल्यावर धनुर्धारी उभा. भाला सुद्धा नाही. मी मोबाइल परातीत परत ठेवला.

जुन्या खेळात आमचा उदाजी मेला तेव्हाचं राजवीरला विचार. घशात बाण घेऊन तो किती चालला होता. मागे सबंध वाटेवर रक्ताचे ठिपके. आम्ही त्याला टेकडीवर पुरलं. राजवीरने त्या दिवशी कीबोर्ड भिंतीवर आपटून फोडला आणि मुठीने कपाटाची काच. मी हळद बांधली, दुसरा कीबोर्ड आणला. मला कौतुकच वाटलं होतं, पोरगं किती जीव लावतंय. ज्या खेळाने त्याला इतकं रडवलं त्यात त्याने साबण विकावा?

त्याला म्हणावं, दुरुस्त कर. अजून वेळ आहे.

तुझा,
रघुजीदादा


देवास, २० अगस्त २०२४

मामासाहेब, मुजरा.

मला मराठी लिहिण्याची आदत नाही, चुका माफ करा. तुमची चिठ्ठी आईसाहेबने वाचून ऐकवली. मी तिला तीन वेळा वाचायला लावली. तुम्ही लिहिलं की पुलावरची लढाई पहिल्यापेक्षा पण चांगली झाली आणि मेलेले शिपाई उठतात ते पाहून तुम्हाला उदाजी परत भेटल्यासारखं वाटलं. मामासाहेब, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

सगळी दुनिया गाली देते. एकाने लिहिलं की ज्याने हा गेम बनवला त्याची बोटं कापून त्याला खायला द्या. त्याच्या खाली किती तरी लोकांनी हसून ठेवलंय. कोणी आमच्या गल्लीचा फोटो पण टाकला. काम एका सालाचं होतं, कंपनीने दोन महिन्यांत मागितलं. रक्त काढायचं त्यांनी सांगितलं, ॲड टाकायची त्यांनी सांगितली. नाव माझं. मागच्या सोमवारी मला काढलं. आता घरीच असतो.

इथे देवासला देवीच्या टेकडीच्या खाली पोहेवाल्याकडे दोन पोरं होती, कॉलेजची. एक बोलला, भिया, तूच ना तो काळ्या घाटवाला? आणि हसला. मी त्याचं तोंड टपरीच्या कोपऱ्यावर मारलं. दात पडला त्याचा. चांगलं वाटलं, खोटं नाही सांगत.

पण तुम्ही समझता. तो गेम काय होता ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुम्ही चांगलं म्हटलं तर बाकीचे गेले भाड में.

तुमचा,
राजवीर


धार, २८ ऑगस्ट २०२४

प्रिय भवानी,
अनेक आशीर्वाद.

राजवीरचं पत्र आलं. मी ते दोन्ही चष्मे लावून वाचलं. पुलावरची लढाई चांगली झाली असं मी कधी लिहिलं? उदाजी परत भेटला असं कधी लिहिलं? तुला मोतीबिंदू तर होत नाही ना? माझं अक्षर वाईट आहे, पण इतकं वाईट नाही की नाहीचं हो व्हावं.

की तू मुद्दाम बदलून वाचलंस? तसं असेल तर तू त्याचं नुकसान करते आहेस. नोकरी गेली, हे वाईट झालं. पण नोकरी का गेली हे त्याला कळायला नको? उद्या दुसऱ्या कंपनीत जाईल आणि पुन्हा तेच करील, आणि म्हणेल, माझ्या मामाला आवडलं होतं. माझ्या नावावर हे नको. धर्मशाळेत मी आयुष्यभर फाटकाशी उभा राहिलो, कुणाला खोटं सांगून आत सोडलं नाही.

त्या पोराचा दात पाडला हे मला आवडलं नाही. तू त्याला रागाव. तुझं तो ऐकतो.

परवापासून छातीत धडधडतंय. डॉक्टर म्हणतो गॅस आहे. उलट टपाली उत्तर दे, नाहीतर मी सरळ त्यालाच लिहीन, त्याला समजेल असं.

तुझा,
रघुजीदादा


देवास, ५ सप्टेंबर २०२४

ती. दादासाहेबांस,
नमस्कार.

हे पत्र मी नर्मदाबाईंच्या घरी बसून लिहिते आहे. त्या शेजारी राहतात, पूर्वी शाळेत शिकवायच्या.

मी बदलून वाचलं. मुद्दाम. तुमचं पहिलं पत्र जसंच्या तसं वाचलं तेव्हा डाळ सांडली नव्हती. त्याने पातेलं उचलून माझ्या पायावर ओतलं. दुसरं पत्र आलं तेव्हा मी चौकात उभी राहून आधी स्वतः वाचलं आणि घरात शिरेपर्यंत त्यातलं सगळं दुसरं करून टाकलं. त्याने तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा सारखंच यायला हवं म्हणून मी मनात घोकत होते. त्या दिवशी तो हसला. मला पोळ्या लाटू दिल्या, स्वतः भाजल्या.

त्यानंतरचा पंधरवडा सोडला तर रोज काही ना काही चालू आहे. केस धरून भिंतीवर डोकं आपटतो. एकदा गळा धरला. नंतर पाय दाबत बसतो. फोन काढून घेतलाय. तुम्ही वर्षातून एकदा येता, आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे बहिणीच्या घरी पाणीही न घेता ओसरीवरूनच परत जाता, म्हणून तुम्हाला कधी काही दिसलं नाही. मीही दाखवलं नाही.

दादासाहेब, त्याला सरळ लिहू नका. हिंदीत तर मुळीच नको. तुम्हाला जे लिहायचं ते मराठीत मलाच लिहा, कितीही कडक लिहा. माझं मी बघते.

आपली,
भवानी


धार, ६ सप्टेंबर २०२४

प्रिय भवानी,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून आज मी काम उरकून टाकलं. कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे बसून राजवीरला हिंदीत पत्र टाइप करून घेतलं. मी सांगत गेलो, तो मारत गेला. शेवटी तो म्हणाला, बाबूजी, इतनी गलतियाँ? मी म्हटलं, अजून आहेत, पण कागद संपला.

सगळं लिहिलंय. पुलाचं, धुराचं, साबणाचं. आणि हेही लिहिलं की आईने तुला जे वाचून दाखवलं ते माझे शब्द नव्हते, तिने प्रेमापोटी बदलले, तिला माफ कर. त्याच्याच नावावर पोस्टात टाकलंय. तो घरीच असतो, त्याच्याच हाती पडेल.

आता मन मोकळं वाटतंय. धडधडही कमी आहे.

तुझा,
रघुजीदादा


देवास, ११ सप्टेंबर २०२४

श्री. रघुजीराव यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही. मी भवानीबाईंची शेजारीण, नर्मदाबाई. आपल्याला फोनवर ऐकू येत नाही असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून ही चिठ्ठी धारच्या बस कंडक्टरच्या हाती देते आहे.

काल दुपारी पोस्टमन आला. थोड्या वेळाने मला राजवीरचा आवाज ऐकू आला. तो काहीतरी मोठ्याने वाचत होता, हिंदी, अगदी शाळेत मुलं धडा वाचतात तसं. एक ओळ वाचायचा आणि थांबायचा. थांबला की भवानीबाईंचा आवाज यायचा. मी खिडकीशी गेले. एका हातात कागद होता आणि एका हातात पडद्याची लोखंडी दांडी. एकेका ओळीला एकेक मारत होता.

कागद संपल्यावर त्याने त्यांना तुमची जुनी पत्रं आणायला लावली. म्हणाला, आता खरं वाच. त्या वाचत होत्या. तोंडातून रक्त येत होतं, शब्द नीट निघत नव्हते, तर म्हणाला, साफ वाच, परत वाच. मी आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. दार फोडावं लागलं.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, तीन दात गेलेत, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. सरकारी दवाखान्यात आहेत. तिथे त्यांनी जिन्यावरून पडले असं लिहून दिलंय. आमच्या गल्लीत एकाही घराला जिना नाही.

या.

नर्मदाबाई


धार, १६ सप्टेंबर २०२४

प्रिय भवानी,
आशीर्वाद.

तू दवाखान्यात झोपली होतीस तेव्हा मी बाकावर बसून होतो, ते तुला नर्मदाबाईंनी सांगितलं असेल. तुझं ५ तारखेचं पत्र मला मिळालं तेव्हा माझं हिंदी पत्र कधीच पोचलं होतं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी तुझ्या घरी गेलो. फोडलेलं दार नुसतं लोटलेलं होतं. राजवीर जमिनीवर बसला होता, पुढ्यात कॉम्प्युटर. काळा घाट लावला होता, जुना, खरा. पूल दिसत होता. फरशीवर तुझं रक्त वाळलेलं, त्यावर त्याच्या पावलांचे ठसे होते, घरभर. त्याने मला पाहिलं आणि उठून माझ्याकडे आला. हात पुढे केले होते. तोंड हलत होतं. बराच वेळ हलत होतं.

मला काही ऐकू आलं नाही, भवानी. पाया पडायला येत होता की गळा धरायला, मला कळलं नाही. मी काठी घातली. पहिली खांद्यावर बसली. दुसरी कपाळावर. तो पडला तरी मी थांबलो नाही. काठी मोडली, मग मी मोडक्या टोकाने मारलं. कपाळाची कातडी उघडून डोळ्यावर आली होती. तो हात वर करत नव्हता. मला आठवतं ते इतकंच की माझे हात थकले म्हणून मी थांबलो.

मग बसने परत आलो. बसमध्ये कुणीतरी माझ्या सदऱ्याकडे बघत होतं.

कळलं की राजवीरने सुद्धा डॉक्टरला आपण पडलो असंच सांगितलं. मला वाटतं, आता हे इथेच मिटवावं. तू पडलीस, तो पडला. पोलीस आले तर घराण्याचं नाव जाईल, मला या वयात कोठडीत ठेवतील, तिथे गोळ्या कोण देईल, हे विचार डोक्यातून जात नाहीत. सोबत मी टायपिंगवाल्याकडून एक नवं हिंदी पत्र करून आणलंय. त्यात लिहिलंय की मी खेळ पुन्हा नीट खेळून पाहिला आणि तो उत्तम झालाय, पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला ताप होता. तू घरी गेलीस की हे त्याला दे. हे त्याने वाचलं की तुझ्या अंगाला हात लावणार नाही. माझ्या बुद्धीला एवढंच सुचतं.

तुझा,
रघुजीदादा


देवास, २४ सप्टेंबर २०२४

ती. दादासाहेबांस,
नमस्कार.

मी सांगते आहे, नर्मदाबाई लिहीत आहेत. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. शुक्रवारी दवाखान्यातून त्यांच्याच घरी आले.

तुमचं हिंदी पत्र मी फाडून टाकलं. त्याला एक पत्र आवडलं की पंधरा दिवस बरे जातात. मग दुसरं लागतं. तुम्ही किती लिहाल, आणि मी किती वाचू?

काल पोलिसातली एक मुलगी आली होती, राजवीरच्याच वयाची असेल. तिने विचारलं, जिन्यावरून पडलात ना? मी नाही म्हटलं. पुढचं सगळं सांगितलं, डाळीपासून. तिने तुमचं नाव विचारलं तेव्हा तेही सांगितलं. काठी मोडल्यावरही तुम्ही मारत राहिलात, हेही. तुमच्या पत्रातलं वाचूनच दाखवलं. तुम्हाला राग येईल. पण दादासाहेब, माझ्या मुलाचं कपाळ तुम्ही फोडलंत, मला वाचवायला नाही. मी तेव्हा दवाखान्यात होते. त्याची आई म्हणून मला ते विसरता येत नाही आणि तुमची बहीण म्हणून तुमच्यावर रागही धरता येत नाही. दोन-चार दिवसांत ते लोक धारला येतील. एका पिशवीत गोळ्या आणि शाल भरून ठेवा. पडलो-बिडलो काही सांगू नका.

हे लिहिणं चालू असतानाच राजवीर आलाय. डोक्याला पट्टी आहे. नर्मदाबाईंनी खिडकीतून पाहिलं, हातात काही नाही. तो पायरीवर बसून दाराशी बोलतोय. म्हणतोय, आईसाहेब, घरी चल, मी काहीच खाल्लं नाही. म्हणतोय, एकदा तोंड दाखव. रडतोय. हे रडणं खरं आहे, मी त्याला जन्मापासून ओळखते.

नर्मदाबाईंनी पोलिसांना फोन लावलाय. दाराला कडी घातलेली आहे आणि ती पक्की आहे, तो बाहेरून उघडू शकत नाही. तरी मी दाराला टेकून बसले आहे आणि डाव्या हाताने कडी धरून ठेवली आहे. तो उघडील म्हणून नाही. मी उघडीन म्हणून.

आपली,
भवानी